बांग की अजान? कोकणातल्या एका जुन्या शब्दाविषयी

प्रश्न असा आला आहे: "माझं आजोळ गुहागरकडचं. तिथे लहानपणापासून 'बांग झाली' असंच ऐकत आले. पुण्यात एकदा तसं बोलून गेले तर मैत्रिणीने हटकलं. बांग कोंबडा देतो, मशिदीतून होते ती अजान, तिला बांग म्हणणं हा मुसलमानांचा अपमान आहे, असं तिचं म्हणणं. हे बरोबर आहे का? आणि ओघाने आणखी एक: नमाज वाचतात, पढतात की करतात?"

आधी सरळ उत्तर देतो. बांग म्हणण्यात अपमान नाही. मी दाभोळच्या खाडीकाठी मुसलमान मोहल्ल्यात वाढलो. आमच्या घरात हाच शब्द होता आणि मोठ्या माणसांच्या तोंडी आजही हाच आहे. तुमच्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, कोणाचं मन दुखावू नये असं तिला वाटतं, पण या शब्दाचं मूळ तिने उलटं धरलं आहे.

'बांग' शब्द फारसी. अर्थ आवाज, पुकार, लांबवर पोचेल अशी हाक. फारसीत 'बांग-ए-नमाज' म्हणजे नमाजेसाठी दिलेली हाक आणि 'बांग-ए-खुरूस' म्हणजे कोंबड्याचं आरवणं. दोन्ही वापर मुळातच शेजारी शेजारी आहेत. कोंबड्याची बांग मशिदीला चिकटवली असं घडलेलं नाही आणि मशिदीची कोंबड्याला दिली असंही नाही. मूळ अर्थ फक्त 'हाक', मग ती कोणाचीही असो. या शब्दात कमीपणा असता तर इक्बालांनी १९२४ साली आलेल्या आपल्या उर्दू कवितासंग्रहाला 'बांग-ए-दरा' हे नाव दिलं नसतं. काफिला निघताना वाजणाऱ्या घंटेची हाक, असा त्याचा अर्थ.

गंमत अशी, की कोंबड्यासाठी मराठीकडे स्वतःचा चांगला शब्द आहे: आरवणे. संस्कृत 'रव' म्हणजे आवाज, त्यातून आलेला. कोंबडा आरवतो, हे आपलं जुनं बोलणं. 'बांग देणे' मागाहून त्याच्या शेजारी येऊन बसलं. आता ज्यांच्या कानावर हा शब्द फक्त कोंबड्याच्या गोष्टीतून पडला, त्यांना तोच अर्थ पहिला वाटतो आणि मशिदीची बांग ही त्यावरून केलेली थट्टा वाटते. मैत्रिणीचा गैरसमज असाच झाला असावा, हा माझा अंदाज.

आणि समजा कोंबड्याशी तुलना झालीच, तरी मुसलमानाला त्यात दुखावण्यासारखं काय आहे? अबू दाऊदच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात, त्यांचं सांगणं आहे, की कोंबड्याला शिव्या देऊ नका, तो नमाजेसाठी उठवतो. कोंबडा आरवला की अल्लाहकडे त्याची कृपा मागा, कारण त्याने फरिश्ता पाहिलेला असतो, अशीही हदीस आहे आणि ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आमची नानी पहाटे कोंबडा आरवला की ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत असे. ते काय होतं, हे मला या हदीसा वाचल्यावर उमगलं.

आता 'अजान'. हा अरबी शब्द. अर्थ जाहीर करणं, कळवणं. अरबीत कानाला 'उज्न' म्हणतात, तोही याच धातूचा, आणि बांग देणारा तो मुअज्जिन, तोही. कानापर्यंत पोचवलेली वर्दी, असं मराठीत म्हणता येईल. मूल जन्मलं की त्याच्या उजव्या कानात अजान देतात. आमच्याकडे याला 'बाळाच्या कानात बांग देणे' असंच म्हणतात. मी हे अगदी जवळून पाहिलं आहे. दुपट्यात गुंडाळलेलं मूल मामाच्या हातावर, तोंड किबल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आणि बांग देणारा इतक्या हळू आवाजात बोलतो की शेजारच्यालाही नीट ऐकू येऊ नये. बांग म्हणजे आरडाओरडा असं ज्याला वाटतं, त्याने ही बांग एकदा ऐकावी.

या हाकेची सुरुवात कशी झाली, हेही शब्दाच्या अर्थाशी जुळणारं आहे. हिजरतीनंतर, म्हणजे पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेल्यावर, तिथे लोकांना नमाजेसाठी एकत्र कसं बोलवायचं, हा प्रश्न आला. शिंग फुंकावं, घंटा वाजवावी, असे पर्याय निघाले. अब्दुल्लाह बिन झैद या साथीदाराला स्वप्नात अजानीचे शब्द ऐकू आले, पैगंबरांनी ते मान्य केले आणि बिलाल या दुसऱ्या साथीदाराला ते उंच आवाजात म्हणायला सांगितलं. कारण बिलालांचा आवाज लांब पोचणारा होता. वाद्य बाजूला ठेवून माणसाचा गळा निवडला गेला. म्हणून फारसी बोलणाऱ्यांनी या गोष्टीला आपल्या भाषेतला 'हाक' हा साधा शब्द लावला, यात मला औचित्यच दिसतं.

तो कोकणात कसा आला? दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी फारसी चाले, आणि दाभोळ हे बहामनी व आदिलशाही काळातलं मोठं बंदर. मक्केला निघालेले यात्रेकरू इथून जहाजात बसत. दरबारातून मराठीत बाजार, दरवाजा, शाई आले तसेच धर्मातले शब्दही फारसीतूनच आले. नमाज फारसी, रोजा फारसी, पैगंबर फारसी, फरिश्ता फारसी. अरबीत याच चार गोष्टींना सलात, सौम, रसूल, मलक म्हणतात. 'अजान' हाच खरा शब्द आणि 'बांग' गावंढळ, असं म्हणणाऱ्याने मग 'नमाज'ही सोडून द्यावी लागेल. तसं कोणी करत नाही. 'नमाज' तर आपल्या 'नमस्'चा सख्खा नातलग आहे, दोहोंच्या मुळाशी वाकणं आहे.

मला याहून जास्त आवडणारी गोष्ट किनाऱ्याची आहे. कोकणातून दक्षिणेला जा. मल्याळममध्ये मशिदीतल्या हाकेला 'बाङ्क्' म्हणतात, तमिळ मुसलमान 'पांगु' म्हणतात, आणि समुद्र ओलांडून मलायात गेलात तर तिथेही 'बांग' हा शब्द अजानीसाठी आहे. शब्द एकच, त्या त्या गळ्यातून निघालेला. हा सगळा पट्टा बहुतांशी शाफई पंथाचा, म्हणजे सुन्नी धर्मशास्त्राच्या एका शाखेचा, आहे. कोकणी मुसलमान शाफई, मलबारचे मापिळा शाफई, मलायाचेही शाफई. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, ही दुसरी शाखा. म्हणून आमच्याकडे असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजेची बांग लवकर होते. वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूइतकी झाली की शाफईंची असर लागते, हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. पुण्याहून आलेला पाहुणा आमच्याकडे 'इतक्यात असर?' असं विचारतो, ते यामुळे.

कोकणात हा शब्द घड्याळासारखा वापरला जातो, आणि फक्त मुसलमानांत नाही. 'बांगेच्या वेळेला निघालो', 'मगरिबची बांग झाली, दिवा लाव', अशी वाक्यं मी हिंदू शेजाऱ्यांच्या घरांतून ऐकली आहेत. धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर उभं असताना पाण्यावरून बांग ऐकू येते तेव्हा माणसं बोलता बोलता आपोआप आवाज खाली आणतात. बांगेला जवाब देण्याची रीत आहे: मुअज्जिन जे म्हणतो बहुतेक तेच शब्द ऐकणारा मनाशी म्हणतो. पहाटेच्या बांगेत दोन वेळा जादा शब्द येतात, 'अस्सलातु खैरुम मिनन्नौम', झोपेपेक्षा नमाज बरी. आणि रमजानात संध्याकाळी तर सगळ्या घराचे कान तिकडेच लागलेले असतात. ताटलीत खजूर, पाण्याचे पेले भरलेले, धाकटी पोरं खजुराकडे बघत बसलेली, आणि नानी ओट्यावरून विचारणार, "बांग झाली का गो?" या वाक्यात 'अजान' घालून बघा. अर्थ तोच राहील, पण ते आमच्या घरातलं वाक्य राहणार नाही.

तरी अजान पुढे सरकते आहे, हे खरं. मदरशातलं शिक्षण, उर्दू शाळा, टीव्ही या सगळ्यांनी अरबी रूपांना बळ दिलं. 'खुदा हाफिज'चं 'अल्लाह हाफिज' झालं, 'रमजान'चं काही ठिकाणी 'रमदान'. त्याबद्दल माझी तक्रार नाही, अजान हा पैगंबरांच्या भाषेतला शब्द आहे आणि तरुण मंडळी तो आदराने वापरतात. पण त्यासाठी आपल्या आजीचा शब्द अपमानाच्या यादीत टाकू नका, एवढं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

अपमान होतो तो क्रियापदाने. 'बांग ठोकली' हे कोंबड्याला चालेल, मशिदीला नाही. 'ओरडला' तर मुळीच नाही. 'बोंब' हा वेगळाच शब्द, त्याची जागा शिमग्यात. उच्चार जवळचे म्हणून दोन्ही एकत्र करू नयेत. अलीकडे 'भोंगा' हा शब्दही बांगेच्या जागी सर्रास पडतो. भोंगा हे यंत्र आहे. त्याच्या आवाजाबद्दल, वेळेबद्दल जे बोलायचं ते जरूर बोलावं, पण 'पहाटे भोंगा झाला' असं म्हणताना आपण हाकेचं नाव पुसून तिथे लोखंडाचं नाव लिहितो. बांग होते, बांग देतात, बांग ऐकू येते, एवढी क्रियापदं पुरेत.

आता दुसरा प्रश्न. 'नमाज पढणे' हे अस्सल बोलणं. 'पढणे' हे हिंदीचं उसनं आहे असं काहींना वाटतं, पण ते 'पठ्'मधून आलेलं मराठीचंही क्रियापद आहे. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खावर अख्खा समास आहे. 'वाचणे' टाळावं. नमाजेत पुस्तक समोर नसतं. कुराणातल्या आयता, म्हणजे वचनं, पाठ म्हणतात, उभं राहतात, वाकतात, कपाळ टेकतात. बातम्यांतलं 'नमाज पठण'ही मला अपुरं वाटतं, त्यात फक्त तोंडाचा भाग येतो. बोलण्यातल्या 'पढणे'त मात्र सगळी क्रिया सामावते. 'अदा करणे' लेखी भाषेत उत्तम, कारण अदा करतात ते देणं. दिवसभरातल्या पाच नमाजांच्या फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (उभं राहण्यापासून कपाळ टेकण्यापर्यंतच्या फेऱ्या) १७, आणि वेळ टळली तर ती नमाज 'कजा' होते, म्हणजे नंतर फेडायची. 'काझी' आणि आपला कोर्टातला 'कज्जा' हेही त्याच अरबी धातूचे. रोज्याचं मात्र मराठीने आपल्या उपासासारखं केलं: रोजा धरतात आणि सोडतात. उर्दूत तो ठेवतात आणि उघडतात.

लिहिण्यापुरतं शेवटचं. 'अजान' साध्या ज ने लिहावं, नुक्त्याची, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाची, गरज नाही. 'जहाज'मधला ज मराठी माणसाला येतो, तोच इथे आणि 'नमाज'मध्येही. न च्या जागी ण पडू देऊ नये, 'अजाण' हा निराळा शब्द आहे. दोन्ही नामं स्त्रीलिंगी: बांग झाली, अजान झाली. बांगेचं सामान्यरूप ठरलेलं आहे, बांगेला, बांगेच्या. अजानीचं अजून स्थिरावलेलं नाही, 'अजानच्या वेळी' आणि 'अजानीच्या वेळी' दोन्ही छापलं जातं. मी 'अजानीच्या' लिहितो, ते मराठीच्या चालीला धरून आहे.