लाल अक्षरं दिसली म्हणून झॅम्प उडवू नका

प्रश्न : ताई, मी बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि झॅम्प (लॅपटॉपवरच वेब सर्व्हर चालवायचं पॅकेज) आहे. गेल्या आठवड्यापर्यंत सगळं नीट चालायचं, आता त्यातल्या अपाचे या वेब सर्व्हरचं स्टार्ट दाबलं की लाल अक्षरात पोर्ट ८० आधीच कुणीतरी वापरतंय असं येतं आणि पीआयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक) ४ दाखवतं. दोनदा अनइन्स्टॉल करून परत टाकलं तरी तेच. सोमवारी सबमिशन आहे, प्लीज मदत करा. (एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी एक कर, तिसऱ्यांदा अनइन्स्टॉल करू नकोस. तुझा डेटाबेस झॅम्पच्याच फोल्डरमध्ये, मायएसक्यूएलच्या आतल्या डेटा फोल्डरात असतो, घाईत तो फोल्डर उडवला की प्रोजेक्ट गेला समज. मी कॉलेजात असताना अगदी हेच केलं होतं आणि तीन आठवड्यांचं काम गेलं, म्हणून इतकं कळकळीनं सांगतेय. अपाचे बंद असताना पीएचपीमायअॅडमिन उघडणार नाही, म्हणून मायएसक्यूएल स्टॉप करून तो अख्खा डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी कर आणि मगच पुढचं वाच.

आता दुखणं काय आहे ते बघू. पोर्ट म्हणजे संगणकात ये-जा करायचं नंबर दिलेलं दार, त्या एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम बसू शकतो, आणि तुला जो पीआयडी ४ दिसतोय तो म्हणजे विंडोजचा स्वतःचा सिस्टिम प्रोसेस, त्यामुळे टास्क मॅनेजरमधून तो मारायला जाऊ नकोस. त्याच्या आड एचटीटीपी डॉट सिस नावाचा ड्रायव्हर असतो आणि तो दुसऱ्याच कुणासाठी तरी ८० नंबर अडवून बसलेला असतो, बहुतेक वेळा आयआयएस या विंडोजच्याच वेब सर्व्हरसाठी, कधीकधी एसक्यूएल सर्व्हरच्या रिपोर्टिंग सर्व्हिसेससाठी. गेल्या आठवड्यात डॉट नेटच्या प्रॅक्टिकलसाठी काही चालू केलंस का आठव! सर्व्हिसेस उघडून त्यात वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस (हीच आयआयएसची सर्व्हिस) दिसली तर स्टॉप कर आणि स्टार्टअप टाइप मॅन्युअल ठेव, म्हणजे लॅपटॉप चालू केल्यावर ती आपोआप परत उठणार नाही. काहीजण नेट स्टॉप एचटीटीपी कमांड द्यायला सांगतात. ती अवलंबून असलेल्या सर्व्हिसेसची यादी दाखवून विचारते, पण त्या यादीत बऱ्याचदा प्रिंट स्पूलरसुद्धा असतो, तेव्हा यादी वाचून घे आणि एन दाब.

मला विचारशील तर सबमिशन तोंडावर असताना कुणाला बंद करत बसण्यापेक्षा अपाचेलाच दुसरं घर दे. कंट्रोल पॅनलमध्ये अपाचेसमोरचं कॉन्फिग दाबून एचटीटीपीडी डॉट कॉन्फ उघड, लिसन ८० च्या जागी ८०८० कर, सर्व्हरनेमच्या ओळीतही तेच कर, सेव्ह करून स्टार्ट दे आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन ८०८० टाइप कर. तरीही नाही चाललं तर सुरक्षित जोडणीचा (एचटीटीपीएसचा) ४४३ नंबरही अडकलेला असू शकतो, तो एसएसएलच्या कॉन्फ फाइलमध्ये असतो, तिथे ४४३३ कर. आणि त्यानंतरही लाल अक्षरं आली तर लॉग्ज बटण दाबून एरर लॉगच्या शेवटच्या चारपाच ओळी वाच, काय अडलंय हे बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कोणी वाचत नाही. जुन्या व्हिडिओंमध्ये स्काइप बंद करा म्हणून सांगतात, त्यात वेळ घालवू नकोस, स्काइपच मे २०२५ मध्ये बंद झालं.

प्रश्न : पीएचपीची फाइल उघडली की रिझल्टऐवजी पूर्ण कोडच दिसतो. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : फाइल डबल क्लिक करून उघडताय ना? मग ब्राउझर ती सर्व्हरला न विचारता थेट डिस्कवरून वाचतो. ती झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवा आणि लोकलहोस्टच्या पत्त्यावरूनच उघडा. नोटपॅडने नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी लावलंय का तेही बघा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, हजेरीसाठी छोटं पीएचपी पान बनवलंय. मुलांची नावं मराठीत टाकली की नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि जिथे येतात तिथे यादीत नाव कापलं की शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. (एक वाचक, बीड)

उत्तर : सर, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. टेबल, कनेक्शन आणि पान या तिन्ही ठिकाणी युनिकोड लागतं, आणि लोक कनेक्शनच विसरतात. टेबल युटीएफ८एमबी४ करा, कनेक्ट झाल्याबरोबर मायएसक्यूएलआयच्या सेट चारसेट (set_charset) फंक्शनला तेच नाव द्या, आणि पानाच्या मेटा टॅगमध्ये युटीएफ-८ लिहा. जी नावं प्रश्नचिन्ह होऊनच सेव्ह झालीत ती मात्र गेली, परत टाकावी लागतील.

कापण्याचं कारण वेगळं आहे. देवनागरीचं एकेक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पीएचपीचं लांबी मोजणारं साधं स्ट्रलेन फंक्शन बाइट मोजतं, म्हणून ‘मराठी’ची लांबी ते १५ सांगतं. एमबी स्ट्रलेन ५ सांगतं, कारण काना आणि वेलांटी ते वेगळी मोजतं. तुम्हाला हवेत ते ३, म्हणजे म, रा, ठी, आणि ते ग्राफीम (डोळ्यांना दिसणारं पूर्ण अक्षर) मोजणारं ग्राफीम स्ट्रलेन देतं. तेव्हा नाव कापायला ग्राफीम सबस्ट्रच वापरा, नाहीतर चौकट गेली तरी ‘ठी’ची वेलांटी तुटून नुसता ‘ठ’ उरेल. त्यासाठी पीएचपी डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये इंटल एक्स्टेन्शनच्या ओळीपुढचा सेमिकोलन काढा आणि अपाचे बंद करून परत चालू करा.