छोट्या कॉलेजचा 'चढता' कोच मोठ्या कॉलेजने घ्यावा का, हे कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही अमेरिकेत जिथे शिकताय त्या युनिव्हर्सिटीने बास्केटबॉलच्या हेड कोचला नारळ दिला, आणि आता सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे, छोट्या कॉलेजचा एक तरुण कोच, कारण त्याने मार्चमधल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत एका बड्या टीमला घरी पाठवलं. तो घ्यावा का?

मी पेशाने आयटीवाला, कोच-बिच नाही, पण ओहायोत इतकी वर्षं काढल्यावर मार्च महिन्यात दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

आधी एक खरी गोष्ट ऐका. 17 मार्च 2022, इंडियानापोलिस, एकाच संध्याकाळी एकाच कोर्टवर लागोपाठ दोन मॅच झाल्या आणि दोन्ही ओव्हरटाइममध्ये गेल्या. पहिलीत सेंट पीटर्सने केंटकीला 85-79 ने उडवलं. सेंट पीटर्स म्हणजे आपल्या न्यू जर्सीवाल्यांच्या ओळखीच्या जर्सी सिटीतलं छोटंसं कॉलेज, 15 वं मानांकन (गटात 1 म्हणजे सगळ्यात तगडी टीम, 16 म्हणजे सगळ्यात कच्ची), आणि समोर 2 नंबरचं केंटकी, ज्यांच्या एका सीझनच्या खर्चात सेंट पीटर्सची कितीतरी वर्षं निघतील. दुसरीत मरे स्टेटने सॅन फ्रान्सिस्को युनिव्हर्सिटीला 92-87 ने हरवलं. दोन दिवसांनी सेंट पीटर्सने मरे स्टेटलाही हरवलं आणि असं करत करत पोरं शेवटच्या आठात जाऊन बसली. 15 मानांकनाची टीम तिथवर त्याआधी कधीच पोचली नव्हती.

आता मजा बघा. या तिन्ही छोट्या टीम्सच्या कोचना त्याच मार्चमध्ये मोठ्या नोकऱ्या लागल्या. सेंट पीटर्सचे शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले, मरे स्टेटचे मॅट मॅकमेहन एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), आणि सॅन फ्रान्सिस्कोचे टॉड गोल्डन, जे पहिल्याच मॅचला हरले होते, ते दुसऱ्या दिवशी फ्लोरिडाला. त्या आठवड्यात कोणालाही विचारलं असतं की यातला कोण भारी, तर हॉलोवे पहिले, मॅकमेहन दुसरे आणि गोल्डन शेवटचे असंच उत्तर आलं असतं ना? 2025 मध्ये नॅशनल चॅम्पियन झाली फ्लोरिडा, 36-4 (म्हणजे 36 जिंकल्या, 4 हरल्या). त्याच सीझनला एलएसयू 14-18 आणि सीटन हॉल 7-25. अख्खी यादी उलटी!

म्हणून माझं मत असं की मार्चमधल्या दोन-तीन मॅचवरून कोच निवडायचाच नाही. हरलात की घरी अशी स्पर्धा असते, एखाद्या दिवशी तीनचे शॉट बसले की बसले. सेंट पीटर्स त्या वर्षी स्वतःच्या लीगमध्ये सुद्धा दुसऱ्या नंबरवर होतं. हॉलोवे वाईट कोच आहेत असं अजिबात नाही म्हणत मी, 2024 ला त्यांनी सीटन हॉलला एनआयटी जिंकून दिली (ती दुय्यम स्पर्धा असते, पण जिंकणं ते जिंकणंच), फक्त त्या तीन मॅचची किंमत लोकांनी जरा जास्तच लावली.

मग म्हणाल आकडे बघू. बघा की, बघायलाच हवेत, केनपॉमसारख्या साइटवर शंभर पझेशनमागे (म्हणजे शंभर वेळा बॉल ताब्यात आल्यावर) टीम किती पॉइंट करते आणि किती देते ते मिळतं, नुसत्या हारजितीपेक्षा ते कितीतरी बरं. पण गोल्डन आणि मॅकमेहन यांच्यात निवड करायला आकड्यांनी फार मदत केली नसती, उलट हारजितीत तर मॅकमेहनच उजवे दिसले असते. मरे स्टेट त्या सीझनला 31-3, लीगमध्ये 18 पैकी 18 जिंकलेले, आणि पुढे एनबीएचा (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) स्टार झालेला 'जा मोरँट' नावाचा पोरगा मॅकमेहन यांच्याच हाताखाली तयार झालेला. असा बायोडेटा बघून कोण नाही म्हणेल?

तर माझ्या मते खरा प्रश्न हा विचारायचा की त्याच्या टीममधली पोरं शोधली कोणी आणि कुठून? मोरँटची गोष्ट प्रसिद्ध आहे. साउथ कॅरोलायनात एका कॅम्पला मरे स्टेटचा असिस्टंट कोच भलत्याच पोराला बघायला गेला होता, मधेच भूक लागली म्हणून वेफर्सचं पाकीट घ्यायला उठला, तर बाजूच्या छोट्या जिममधून बॉल आपटल्याचा आवाज आला, डोकावला तर तिथे कोणाच्याच खिजगणतीत नसलेला मोरँट तीन-तीनच्या मॅचमध्ये खेळतोय. त्याने लगेच मॅकमेहनना फोन लावला. आता यात हेड कोचचं श्रेय आहेच, बिननावाच्या पोरावर विश्वास टाकला आणि त्याला घडवला, पण डोळा असिस्टंटचा होता. म्हणून उमेदवाराला इंटरव्ह्यूत पहिलं हे विचारायला हवं की तुझ्याबरोबर कोण कोण येणार. असिस्टंट मागेच राहणार असतील तर तुम्ही अर्धाच कोच विकत घेताय.

दुसरं म्हणजे ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणारे खेळाडू नाव नोंदवतात ती ऑनलाइन यादी. 2021 पासून खेळाडूंना एकदा कॉलेज बदललं तरी वर्षभर बाहेर बसावं लागत नाही, आणि 2024 पासून कितीही वेळा बदला. त्यामुळे चार वर्षं एकच टीम जोपासायची पद्धत जवळपास गेलीच, दर एप्रिलला नवीन मांडणी. गोल्डनच्या बाबतीत आधीच दिसत होतं ते हेच. सॅन फ्रान्सिस्कोला असतानाच त्यांचा खेळाडू खलील शबाझ डिव्हिजन टूमधून (कॉलेज खेळांची खालची पातळी) आलेला होता आणि दुसरा खेळाडू मसाल्स्की दुसऱ्या कॉलेजातून, म्हणजे बाकीच्यांनी सोडून दिलेली पोरं हेरून बसवायची सवय होती. फ्लोरिडाला तेच मोठ्या प्रमाणावर केलं, वॉल्टर क्लेटन आयोनाहून, विल रिचर्ड बेलमाँटहून, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. यातलं एकही बास्केटबॉलचं घराणेदार कॉलेज नाही. फायनलला ह्यूस्टनविरुद्ध क्लेटनचा पहिल्या हाफमध्ये एकही पॉइंट नव्हता आणि शेवटच्या क्षणी क्लेटनच शॉट अडवायला असा झेपावला की समोरच्याने हवेतच शॉट आवरून बॉल खाली टाकला, मग नियमाने त्याला स्वतःला बॉलला पुन्हा हात लावता येईना, आणि मॅच 65-63 ने फ्लोरिडाच्या खिशात. कोच पोरं कशी निवडतो ते अशा वेळी दिसतं.

तुमच्या उमेदवाराची टीम काढून बघा. पहिले पाच खेळाडू त्याने आणलेत की आधीच्या कोचने? त्यातले किती जण दुसऱ्या कॉलेजातून आले आणि आल्यावर सुधारले? आणि मोठं यश मिळाल्यावर पोरं टिकली का? कोच डस्टी मे यांची फ्लोरिडा अटलांटिक 2023 मध्ये फायनल फोरला (शेवटच्या चारात) गेली, पोर्टल सताड उघडं असताना मुख्य पोरं बहुतेक सगळी थांबली, पुढच्या मार्चला पहिल्याच राउंडला हरली तरी मिशिगनने त्यांना उचललं आणि 8-24 वाली टीम एका वर्षात 27-10 झाली. मला विचाराल तर पोरं थांबली ही गोष्ट फायनल फोरपेक्षा मोठी होती.

आता एक गोष्ट जी फॅन लोक विसरतात. स्थळ बघताना मुलाची सगळी चौकशी करायची आणि आपल्या घरावर किती कर्ज आहे ते सांगायचंच नाही, तसं होतं हे. मॅकमेहन एलएसयूला गेले तेव्हा तिथे आधीच्या कोचला चौकशीच्या लफड्यात काढलेलं, टीम जवळपास अख्खी पोर्टलमध्ये, डोक्यावर एनसीएएची (कॉलेज खेळांचे नियम सांभाळणारी संस्था) टांगती तलवार. पहिल्या सीझनला लीगमध्ये 2-16. गोल्डन तिथे असते तर काय झालं असतं देव जाणे. शिवाय 2025-26 पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, सगळ्या खेळांना मिळून पहिल्या वर्षी साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत, त्यातला बास्केटबॉलला किती हे ठरवतो अ‍ॅथलेटिक डिरेक्टर (कॉलेजच्या सगळ्या खेळांचा प्रमुख), कोच नाही. फुटबॉलवेड्या युनिव्हर्सिटीत बास्केटबॉलच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यामुळे तुमचं कॉलेज त्या माणसाला नेमकं काय देणार आहे हेही बघा.

आणि वेळ. गोल्डनचा पहिला सीझन 16-17 होता, दुसऱ्या वर्षी कोलोराडोकडून 102-100 ने पहिल्याच राउंडला बाहेर, तेव्हाही 'कोणाला आणलंय हे' म्हणणारे होतेच. तुमच्याकडे दुसऱ्या वर्षीच माणसाला हाकलायची खोड असेल तर करार सहीला जायच्या आधी त्यातली बायआउटची रक्कम जरूर वाचा, लवकर काढलंत तर उरलेल्या वर्षांचे पैसे युनिव्हर्सिटीलाच मोजावे लागतात. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर असे करार बऱ्याचदा मागून मिळतात, लोकल पेपरवालेही छापतात.

तुमच्या उमेदवाराचं नाव तुम्ही दिलेलं नाही, कॉमेंटमध्ये टाका, त्याच्या टीममधली कुठली पोरं कुठून आली ते काढून सांगतो.