वाचकांचे प्रश्न: ‘नुसत्या 50 मिलिग्रॅमनं काय होणारे?’

प्रश्न: वडिलांना फिट येते, फेनिटॉइन चालू आहे रोज 300 मिलिग्रॅम, वजन 60 किलो. तरी महिन्यातून एखादी फिट येतेच म्हणून रक्तातली लेव्हल केली तर 10 आली. रिपोर्टवर रेंज 10 ते 20 लिहिलीय, म्हणजे वर भरपूर जागा आहे ना? मग डॉक्टरांनी फक्त 50 का वाढवले, सरळ 400 का नाही केले? मामा म्हणतात डॉक्टर घाबरट आहेत.

उत्तर: मामांना सांगा, या औषधाला घाबरलेलंच बरं. बहुतेक औषधांचा हिशेब सरळ असतो, डोस दुप्पट केला की लेव्हलही साधारण दुप्पट. फेनिटॉइनचं तसं नाही. हे औषध मोडून संपवायचं काम लिव्हरमधली एन्झाइम्स करतात आणि ती नेहमीच्याच डोसला जवळपास फुल होतात, म्हणजे तिकीट खिडक्या सगळ्या भरलेल्या आणि मागून माणसं येतच आहेत, अशात दहा माणसं जास्त आली तरी रांग कुठच्या कुठे जाते.

आकडे घालून बघू. समजा एखाद्याचं लिव्हर दिवसाला जास्तीत जास्त 420 मिलिग्रॅम संपवू शकतं, आणि लेव्हल 4 असताना त्याच्या निम्म्या वेगानं काम करतं. अशा माणसाची लेव्हल 300 च्या डोसला 10 वर स्थिरावते. 350 केला की 20. आणि 400 केला तर कागदावरचं उत्तर येतं 80! हो, ऐंशी. अर्थात तिथे पोचायच्या बऱ्याच आधी चालताना झोक जायला लागतो, बोलणं जड होतं, नजर बाजूला वळवली की डोळे थरथरतात, आणि घरचे म्हणतात वय झालं. तुमच्या वडिलांचे आकडे नेमके हेच असतील असं नाही, प्रत्येकाचं लिव्हर वेगळं, पण 50 ची उडी घेऊन पुन्हा लेव्हल करायची ती याचसाठी. आणि ती लगेच दोन दिवसांत करून उपयोग नाही, नवा डोस स्थिरावायला दोन-तीन आठवडेही लागतात.

अजून एक, त्यांचं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) तपासलंय का ते डॉक्टरांना विचारा. फेनिटॉइनचा 90 टक्के भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेला असतो, काम करतो तो उरलेला 10 टक्के मोकळा भाग, आणि लॅब सहसा सगळं मिळून मोजते. अल्ब्युमिन 2 पर्यंत घसरलेल्या पेशंटचा रिपोर्ट 8 आला की ‘कमी आहे, वाढवा’ असं वाटतं, पण सूत्रात घातलं (आधी 0.2 गुणिले अल्ब्युमिन, त्यात 0.1 मिळवायचे, आणि 8 ला त्या उत्तरानं भागायचं) तर ते नॉर्मल अल्ब्युमिनच्या माणसाच्या 16 इतकं भरतं. सूत्र अंदाजीच आहे, मोकळी लेव्हल मोजता आली तर उत्तम. पण अशा पेशंटला नुसता 8 बघून डोस वाढवला की मग धावपळ.

प्रश्न: आई 80 वर्षांची, 45 किलो. क्रिएटिनिन 1.0, म्हणजे नॉर्मल. तरी किडनीचं कारण सांगून डिगॉक्सिनचा (हृदयाच्या औषधाचा) डोस कमी केला. हे कसं?

उत्तर: क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. आईंचे स्नायूच कमी, तर ते तयारही कमीच होणार, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा शहाण्यासारखा 1.0 वरच बसून राहतो. म्हणून किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते याचा अंदाज घ्यायला 1976 चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र अजून वापरतात: 140 मधून वय वजा, गुणिले वजन, मग त्याला (72 गुणिले क्रिएटिनिन) नं भागायचं, बाई असेल तर शेवटी 0.85 नं गुणायचं. आईंचं येतं मिनिटाला 32 मिली. 30 वर्षांच्या 70 किलोच्या पुरुषाचं त्याच 1.0 ला येतं 107. डिगॉक्सिन मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं, मग दोघांना एकच गोळी कशी चालेल?

लेव्हल करायला सांगितली तर गोळी घेतल्यावर निदान 6 तास जाऊ द्या. आधी रक्त दिलं तर औषध अजून अवयवांमध्ये पसरतच असतं आणि आकडा उगाच मोठा दिसतो. लॅबच्या फॉर्मवर शेवटची गोळी किती वाजता घेतली असा रकाना असतो, मी बघितलेल्या निम्म्या फॉर्मवर तो कोराच, तेवढा तुम्ही भरा.