पेढा नको, बर्फीही नको: रंग लपवायचा तर मोदकात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत धाकट्या जावेचं डोहाळजेवण आणि जेंडर रिव्हील (पोटातलं बाळ मुलगा की मुलगी ते सगळ्यांसमोर जाहीर करायचा कार्यक्रम) एकाच दुपारी आहे. पंचवीस माणसं, त्यातली निम्मी अंडं न खाणारी. मुलगा की मुलगी ते लिहिलेला डॉक्टरांकडचा बंद लिफाफा फक्त तुमच्याकडे. बाहेरून केक आणायचा नाही, घरीच असं काही करायचंय की चावलं की आतून निळं (मुलगा) नाहीतर गुलाबी (मुलगी) निघेल.

सगळ्यात आधी, पेढे करू नका आणि बर्फीही नको. आपल्याकडे मुलगा म्हणजे पेढा आणि मुलगी म्हणजे बर्फी हे इतकं पक्कं बसलंय की ताटात नुसता गोल चपटा पेढा दिसला तरी चावण्याआधीच कुणीतरी आजी निकाल जाहीर करून मोकळी होईल. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांतली एक उघडायला लावायचा खेळ असतो, तो खुशाल आधी घ्या. त्याचा कौल खोटा निघाला तर पुढची गंमत वाढतेच. पण खऱ्या निकालाच्या पदार्थाचा आकार कुठल्याच बाजूचा नसावा. म्हणून साच्यातले खव्याचे मोदक. अंडं नाही, ओव्हन नाही, आदल्या दिवशी होतात आणि आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

उकडीचे मोदक मात्र या कामाला नकोत. तांदळाची पारी वाफवल्यावर अर्धपारदर्शक होते आणि आतलं सारण रंगीत असेल तर पाकळ्यांच्या मधून ते सरळ दिसतं. पारी जाड करून लपवता येईल, पण जाड पारीचा मोदक कोण खाणार?

तीस मोदकांचं माप देते, पंचवीस माणसं आणि पाच जादा. एक मोदक साधारण २५ ग्रॅमचा: बाहेर २० ग्रॅम खवा, आत ५ ग्रॅमची रंगीत गोळी. साचा किती मोठा आहे ते आधी कणकेचा गोळा दाबून वजन करून बघा. बाजारातले काही साचे ४० ग्रॅमचे निघतात आणि मग सगळं गणित चुकतं.

बाहेरच्या खव्यासाठी: कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा (३९७ ग्रॅम), फुल क्रीम दूध पावडर २५० ग्रॅम, तूप २ टेबलस्पून, दूध ६० मिली, वेलची पूड पाऊण टीस्पून. अमेरिकन दुकानात नुसती ड्राय मिल्क म्हणून मिळते ती बहुतेक वेळा बिनसायीची असते. तिचे मोदक चिवट होतात आणि साच्यातून काढताना टोकाला तडकतात. निडोसारखी फुल क्रीम घ्या (लहान मुलांसाठीची वेगळी येते, ती नको). लॅटिन अमेरिकन सामानाच्या रांगेत हमखास मिळते.

जाड बुडाच्या नॉनस्टिक कढईत तूप, दूध आणि कंडेन्स्ड मिल्क मंद आचेवर कोमट करा, मग गॅस बंद ठेवून पावडर थोडी थोडी घालून गुठळ्या मोडा. पुन्हा मंद आचेवर सतत हलवत सहा ते आठ मिनिटं. गोळा कडा सोडून कढईत फिरायला लागला की चिमूटभर घेऊन बशीत ठेवा, अर्ध्या मिनिटाने बोटांत वळा. गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही की लगेच उतरवा. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होणार आहे, त्यामुळे कढईतच मोदकाइतका घट्ट होईपर्यंत थांबलात तर संपलं: तूप सुटतं, खवा रवाळ होतो आणि साच्यात नक्षी उमटत नाही. तसं झालंच तर एक टेबलस्पून कोमट दूध शिंपडून मळा, बऱ्यापैकी सावरतं. उलट कच्चा राहिला तर नुसता साच्याला चिकटून थांबत नाही. ओलसर खव्यात आतला रंग रात्रभरात बाहेर सरकतो आणि सकाळी पांढऱ्या मोदकावर निळसर डाग दिसतो.

आता आतली गोळी. यात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या रंग बाहेर फुटण्याच्या नसतात. चावल्यावर आतून निघालेला रंग नक्की कुठला यावर वाद होतो, तो खरा घोटाळा. शिजवलेला खवा पिवळसर असतो. त्यात निळा घातला की हिरवट, फिरोजी काहीतरी तयार होतं. त्यामुळे बाहेरच्याच खव्याचा एक भाग रंगवून आत घालायची शक्कल गुलाबीला चालते, निळ्याला नाही. आणि लिफाफ्यात काय आहे यावर कृती बदलायची नसेल तर दोन्हीला एकच आधार हवा. तो म्हणजे न शिजवलेला नारळ.

बारीक सुका नारळ ९० ग्रॅम (भारतीय दुकानातला, बिनसाखरेचा, पांढरास्वच्छ) आणि दुसऱ्या डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क ८० ग्रॅम. आचेवर काहीच ठेवायचं नाही. आधी कंडेन्स्ड मिल्कमध्ये जेल रंग (घट्टसर खाद्यरंग) ढवळून एकजीव करा आणि मगच नारळ घाला. आधी नारळ घालून वर रंग टाकलात तर कीस जागोजागी रंग शोषतो आणि गोळी ठिपक्याठिपक्यांची होते. रंग टूथपिकच्या टोकाने घ्या. एवढ्या सारणाला निळ्याची तीनचार टोकं पुरतात, गुलाबीची त्याहून एखादं जास्त. रंग दहावीस मिनिटांत अजून गडद होतो, म्हणून लगेच वाढवू नका. आकाशी आणि गुलाबाच्या पाकळीसारखा गुलाबी, इथेच थांबायचं. गडद निळा कडवट लागतो आणि फोटोत सगळ्यांचे दात आणि जिभा निळ्या येतात. गुलाबी फार वाढला की लाल दिसतो आणि पाहुणे विचारतात की हे काय आहे.

बाटलीतला पातळ द्रव रंग वापरू नका, त्याने गोळी सैल होते. आणि पातळ सारण म्हणजे रंग फिरणार, हे वर आलंच.

कृत्रिम रंग नको असेल तर गोष्ट जरा सांभाळून. गोकर्णाच्या फुलांची पावडर निळा रंग देते, पण तिला आंबट चालत नाही. लिंबू, दही किंवा क्रीम चीज लागलं की तीच जांभळी होते, आणि जांभळा म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. नारळ आणि कंडेन्स्ड मिल्कमध्ये ती निळी राहते, थोडी मळकट. बिटाची पावडर कच्च्या सारणात सुंदर गुलाबी येते, मात्र तापवली किंवा सोड्याबरोबर केकमध्ये भाजली की तपकिरी पडते. म्हणून बीट फक्त भरण्यात, भाजण्यात नाही. फ्रीझ-ड्राय केलेल्या स्ट्रॉबेरीची पूड गुलाबीसाठी उत्तम, पण तिचा वास चुगली करतो. वासाचा मुद्दा एकूणच लक्षात ठेवा: गुलाबी सारणात रोझ इसेन्स घातलात तर डबा उघडताक्षणी निकाल लागतो. दोन्हीकडे वेलचीच.

सारणाच्या ५-५ ग्रॅमच्या तीस गोळ्या आधी वळून घ्या, कोरड्या दूध पावडरीत घोळवा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. घोळवलेली पावडर आतला ओलावा धरून ठेवते, त्यामुळे रंगाची कड स्वच्छ राहते. मग हात, पोळपाट, बशी सगळं धुऊन, हातमोजे बदलून, तेव्हाच पांढऱ्या खव्याला हात लावा. एक रंगीत बोट पूर्ण ताटाची वाट लावतं.

साच्याला तुपाचा हात, साचा बंद करून खालच्या तोंडाने खवा भरा, करंगळीने मधे खळगा करा. भिंत सगळीकडून निदान अर्धा सेंटिमीटर हवी. टोकाकडे आणि साच्याच्या जोडावर ती नकळत पातळ होते, तिथेच रेष दिसते. गोळी ठेवा आणि खालून खव्याची टिकली लावून तोंड बंद करा. ही टिकली पातळ झाली तर ताट वरून निर्दोष दिसतं आणि कुणी मोदक उचलून उलटा केला की बिंग फुटतं. पहिला मोदक सुरीने उभा कापून बघा. गोळी मधोमध आहे का, भिंत सारखी आहे का, रंग दिवसाच्या उजेडात आणि दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन्हीकडे ओळखू येतो का. फिकट निळा पिवळ्या उजेडात राखाडी वाटतो, हे इथेच कळतं.

बाहेरच्या खव्यात केशर घालायचा मोह होईल. निळ्याभोवती ते हिरवी कड दाखवतं, नकोच. सावली दिसण्याची फारच धास्ती वाटत असेल तर एक टेबलस्पून कोको घालून बाहेरचा भाग तपकिरी करा. मग आतला निळा मात्र फिकटच ठेवा, गडद निळा कोकोत दिसतच नाही.

लहान मुलांसाठी कपकेक हवेत असं तुम्ही लिहिलंय, तर एक डझन करा. मैदा १९० ग्रॅम, साखर १५०, दही २४०, तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, व्हॅनिला. दह्यात साखर विरघळवून पावडर-सोडा घालायचा, फेस आला की तेल आणि मैदा. ३५० फॅरनहाइटला १८ ते २० मिनिटं. पूर्ण गार झाल्यावरच मधे पोखरा. कोमट केकमध्ये बटरक्रीम वितळून बुडाशी जातं. पाइपिंगच्या नोझलची मागची रुंद बाजू खुपसून फिरवली की नेमकं भोक पडतं. अडीच सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका, बुडाला एक सेंटिमीटर केक राहू दे. निघालेल्या तुकड्याचा वरचा भाग झाकण म्हणून परत बसवायचा, खालचा भाग पोरांना. प्रत्येकात १० ग्रॅम भरण, म्हणजे डझनाला १२० ग्रॅमच: ५० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम पिठीसाखर भरपूर झाली. इथेही लोण्याचा पिवळेपणा निळ्याला हिरवा करतो. लोणी साखरेआधी पाचसात मिनिटं एकटंच फेटून फिकं करा. तरी पिवळट वाटलं तर टूथपिकच्या टोकाला पुसटसा जांभळा जेल लावून बुडवा, पिवळा मरतो.

कागदी वाट्या पांढऱ्या घेऊ नका. तेल लागलं की त्या पारदर्शक होतात. चांदीच्या फॉइलच्या किंवा गडद रंगाच्या घ्या. आणि आत रंगीत साखरदाणे भरायचे असतील तर कार्यक्रमाच्या तासभर आधी. ओलाव्यात त्यांचा रंग सुटतो आणि भोकात चिखल होतो.

गुपिताबद्दल. लिफाफा एकट्या तुमच्याकडे असला तरी घरात बाकीची माणसं आहेत. जेल रंगाच्या दोन्ही बाटल्या आणा आणि दोन्ही सारखी फोडा. चाचणीची खेप हिरव्या रंगात करा, कुणी स्वयंपाकघरात डोकावलं तरी काही कळत नाही. हातमोजे, पुसलेले टिश्यू, टूथपिक वेगळ्या पिशवीत बांधून सरळ बाहेरच्या कचऱ्यात. सिलिकॉनच्या उलथन्याला निळा डाग राहतो तो धुऊन जात नाही, म्हणून लाकडी किंवा स्टीलचा चमचा. जावेला स्वतःच करायची हौस असेल तर तिने पांढरा खवा करावा आणि दोन्ही रंगांची सारणं तयार करावीत, भरायला मात्र तुम्ही एकट्या. उरलेलं सारण फ्रीजरमध्ये जाऊ दे, पण कार्यक्रम होईपर्यंत मागच्या बाजूला.

आदल्या संध्याकाळी केलेले मोदक हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन तास आधी डबा तसाच बंद बाहेर काढा. थंडगार मोदक लगेच उघडे मांडलेत तर त्यांना घाम सुटतो आणि त्या थेंबांतून रंग वर येतो. काजू घातले नाहीत तरी दूध आहे, तेव्हा ताटाशेजारी चिठ्ठी ठेवा. गरोदर बाई आहे, त्यामुळे कच्च्या मैद्याचे कुकी-डो प्रकार आणि कच्च्या अंड्याचं आयसिंग या ताटात नकोच.

खायला सगळ्यांना एकदम सांगा, एकदोनतीन म्हणून. नाहीतर एखादे काका वाढताक्षणीच तोंडात टाकतात. जावेच्या आणि दिरांच्या हातात मोदक न देता सुरी द्या. चावलेल्या मोदकाचा फोटो कधीच नीट येत नाही, कापलेल्याचा येतो.

जेंडर रिव्हीलची ही प्रथाही खाण्यातूनच सुरू झाली म्हणायची: २००८ साली अमेरिकेत जेना कार्व्हुनिडिस या ब्लॉगर बाईंनी केक कापून आतलं गुलाबी आयसिंग दाखवलं, तिथून ती पसरली. रंगीत धूर आणि फटाके मागाहून आले आणि २०२० मध्ये कॅलिफोर्नियात त्यापायी एल डोराडोचा वणवा पेटला. तुम्ही यादीत रंगीत धुराची नळीही लिहिली आहे, ती खोडून टाका.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यानुसार जन्माआधी लिंग तपासणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे, त्यामुळे हा कार्यक्रम तिथे होऊ शकत नाही. हेच मोदक बारशाला करता येतात. सारणाला कुठलाही रंग द्या आणि नाव सांगण्याआधी ज्याच्या मोदकात बदाम निघेल त्याने पहिलं अक्षर ओळखायचं. बदाम सालासकट घातलात तर पांढऱ्या खव्यात तपकिरी डाग पडतो, तेव्हा भिजवून, सोलून, पुसून कोरडा करून घाला.