जनावराच्या खाद्यामुळे मांसाचे पोषणमूल्य किती बदलते?

जनावराला काय खाऊ घातले यावर मांसाचे पोषणमूल्य खरोखर अवलंबून असते का, आणि केवळ गवतावर वाढलेल्या जनावराचे मांस अधिक पौष्टिक मानावे का, असे आपण विचारले आहे. खाद्याने मांस बदलते हे निश्चित. परंतु किती आणि कशात बदलते हे समजण्यासाठी खाद्याच्याही आधी त्या जनावराचे पोट पाहावे लागते. या विषयावरील बऱ्याच चर्चेत नेमकी हीच गोष्ट सुटून जाते, असे मला वाटते.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी आहेत. त्यांनी खाल्लेला चारा प्रथम कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, जातो आणि तेथील सूक्ष्मजीव त्यातील असंपृक्त मेदाम्लांना (मेदाच्या, म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या, घटकांना) हायड्रोजन जोडून त्यांपैकी बहुतांश संपृक्त करून टाकतात. हिरव्या गवतात मेद मुळातच थोडा असतो. त्यातील जवळपास निम्मा किंवा त्याहून अधिक हिस्सा अल्फा-लिनोलेनिक या ओमेगा-३ मेदाम्लाचा असला, तरी कोठीपोटातून सुटून मांसापर्यंत पोहोचणारा भाग अगदी लहान असतो. मक्यासारख्या धान्यात मात्र ओमेगा-६ गटातील लिनोलिक आम्लाचे प्राबल्य असते. त्यामुळे गवतावर वाढलेल्या गुरांच्या मांसात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे गुणोत्तर साधारण २ : १ च्या आसपास राहते, तर धान्याच्या खुराकावर पोसलेल्या गुरांत ते बरेचदा ५ : १ च्या पुढे जाते. हा फरक खरा आहे, पण नुसत्या गुणोत्तरावरून निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. गवतावरच्या जनावराच्या १०० ग्रॅम कमी चरबीच्या मांसातही ओमेगा-३ जेमतेम शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच असते, आणि तेवढ्याच वजनाच्या तेलकट समुद्री माशात ते एक ग्रॅमहून अधिक असू शकते. ज्यांना ओमेगा-३ हवे आहे त्यांनी ते लाल मांसात शोधू नये, असेच मी सांगेन.

गवताचा मला अधिक महत्त्वाचा वाटणारा लाभ वेगळा आहे, आणि त्याची चर्चा कमी होते. हिरव्या चाऱ्यात जीवनसत्त्व ई आणि बीटा-कॅरोटिन मुबलक असतात. जीवनसत्त्व ई स्नायूंत साठते, मेदाचे ऑक्सिडीकरण रोखते आणि कापल्यानंतर मांसाचा लाल रंग जास्त काळ टिकवते. बीटा-कॅरोटिनमुळे गुरांच्या चरबीला पिवळसर छटा येते. ती पाहून मांस शिळे किंवा जनावर म्हातारे असावे असा समज करून घेणे चुकीचे आहे. मात्र हाच चारा उन्हात वाळवला की ही दोन्ही पोषकद्रव्ये मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, म्हणून हिरवे गवत आणि वाळलेले गवत यांना एकाच मापाने मोजता येत नाही.

डुक्कर आणि कोंबडी यांची गोष्ट अगदी निराळी आहे. त्यांना कोठीपोट नसल्यामुळे खाद्यातील मेदाम्ले फारशी न बदलता शरीरात शोषली जातात आणि चरबीत साठतात. कोंबडीच्या खाद्यात जवस मिसळले, तर काही आठवड्यांतच तिच्या मांसातील अल्फा-लिनोलेनिक आम्ल स्पष्टपणे वाढते. माशाच्या तेलाने ओमेगा-३ ची लांब साखळीची रूपेही (माशांत आढळतात ती) वाढतात, परंतु प्रमाण जास्त झाले की मांसाला माशाचा वास येऊ लागतो. अशी असंपृक्त चरबी मऊ असते आणि लवकर खवट होते, म्हणून खाद्यात जीवनसत्त्व ई वाढवावे लागते. सेलेनियम या खनिजाच्या बाबतीत त्याचे रूपही पाहावे लागते: सेलेनियमयुक्त यीस्टमधील सेंद्रिय (कार्बनशी जोडलेले) सेलेनियम स्नायूंच्या प्रथिनांत थेट सामावले जाते, तर अकार्बनी क्षारांतून दिलेले मांसात तुलनेने कमी उतरते. गवतावरच्या गुरांच्या मांसाची जितकी प्रसिद्धी होते, तितकेच लक्ष कोंबडीच्या खाद्याकडे दिले जावे, असे मला मनापासून वाटते. कारण खाद्याचा परिणाम तिथे अधिक थेट असतो.

प्रथिनांवर खाद्याचा परिणाम फारसा होत नाही. कमी चरबीच्या मांसात ती साधारण २० ते २२ टक्के असतात आणि त्यांतील अमिनो आम्लांची रचना जनावराच्या जनुकांनी ठरलेली असते. लोह आणि जस्तही बरेचसे स्थिर राहतात. केवळ दुधावर वाढवलेली वासरे हा ठळक अपवाद आहे, कारण दुधात लोह फार कमी असल्याने त्यांचे मांस फिके राहते.

म्हणून मांस विकत घेताना जनावर गवतावर वाढले का, एवढेच विचारून थांबू नका. कत्तलीपूर्वीच्या शेवटच्या काही महिन्यांत त्याला काय दिले होते, हेही विचारा. आयुष्यभर कुरणात चरलेल्या जनावराला वजन वाढवण्यासाठी अखेरीस धान्याचा भरपूर खुराक दिला, तर त्याच्या मांसातील ओमेगा-३ चे प्रमाण आठवड्यागणिक घटत जाते आणि एकूण चरबी वाढत जाते.