आधी पाड्यावर वाचून दाखव

बेटा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी चहाबरोबर परत वाचला. तुझ्या पीएचडीचे गाईड म्हणतात थिअरी कमी पडतेय, को-गाईड म्हणतात सॅम्पल वाढव आणि रिग्रेशन, म्हणजे कशाने काय किती बदलतं ते काढायचं गणित, लाव, कमिटीत कुणीतरी विचारलं की हे समाजशास्त्रात बसतं की अर्थशास्त्रात ते आधी ठरवा, आणि एवढ्यावर तू म्हणतेस की सर, ऊसतोडीचा विषय सोडते, कॉलेजच्या मुलींच्या मोबाइल वापरावर गूगल फॉर्म फिरवते आणि मोकळी होते.

नको होऊस मोकळी. तू हुशार आहेस वगैरे मी लिहीत बसणार नाही, आश्रमशाळेतून एमएपर्यंत आलेल्या पोरीला ते माझ्याकडून ऐकायची गरज नाही. मला फक्त एक सांग. तीन चॅप्टर लिहून झाले म्हणतेस, त्यातला एक तरी पाड्यावर वाचून दाखवलास का? तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये गाईड आहेत, को-गाईड आहेत, कमिटी आहे, एक्स्टर्नल काय म्हणेल त्याची भीती आहे. नंदुरबारमधल्या धडगावकडची ज्यांची माहिती घेऊन आलीस ती माणसं कुठेच नाहीत. तुझा गोंधळ तिथून सुरू होतो असं माझं स्पष्ट मत आहे.

कमिटीच्या प्रश्नाचं आधी बघू, ते लवकर संपतं. 1916 साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकत होते आणि जातीवरचा पेपर त्यांनी वाचला मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. जात समजून घ्यायला जे लागेल ते घ्यायचं, एवढा सरळ हिशेब. आपल्या धुळ्याचे कॉ. शरद पाटील बघ, मार्क्सवादी कार्यकर्ता माणूस, पण जातिव्यवस्थेच्या मुळाशी जायचं म्हणून संस्कृत शिकले, पाणिनीपर्यंत गेले, कुठल्या विद्यापीठाची खुर्ची नव्हती त्यांच्याकडे. आंतरविद्याशाखीय हा शब्द आता प्रत्येक परिपत्रकात असतो, 2020 च्या शैक्षणिक धोरणात तर पानोपानी आहे, पण विभागाविभागांतल्या भिंती होत्या तिथेच आहेत. कमिटीला लिहून दे की नोंदणी समाजशास्त्रात आहे आणि को-गाईड अर्थशास्त्राचे आहेत, बास. या प्रश्नावर तू विषय सोडायला निघालीस याचा मला राग आलाय, खरं सांगतो.

आता मुख्य गोष्ट. मी अर्थशास्त्राचा, आमच्या कॉलेजात भूगोलाचे एक सर होते आणि समाजशास्त्राच्या एक मॅडम, आम्ही तिघांनी मिळून सातपुड्यातून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास घेतला होता. त्यात मजुरांना उचल देऊन फडावर नेणाऱ्या एका मुकादमाची डायरी आम्हाला बघायला मिळाली, खिशात मावणारी, लाल रेक्झिनच्या कव्हरची, घामाने पानं चिकटलेली. एका पानावर एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी. वर नवऱ्याचं नाव, खाली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती घेतली, कधी घेतली, मग तारखा, आणि तारखांसमोर फुली म्हणजे खाडा, कामावर न आलेला दिवस. शेवटी खाड्याचे पैसे उचलीत वाढवलेले. बायको बरोबरीने ऊस तोडते, मोळ्या बांधते, गाडी रात्री आली तर रात्री भरायला उठते, तिचं नाव त्या पानावर कुठेच नाही. मला ती डायरी म्हणजे सोनं वाटली होती. एका तरुण पोराच्या पानावर फुल्या जास्त होत्या, त्याच्यावर उचल सगळ्यात जास्त चढलेली, आणि आमच्या टेबलात तो 'अनियमित हजेरी' या रकान्यात गेला.

मॅडमचा आग्रह असा की छापायला पाठवण्याआधी हे पाड्यावर वाचायचं. एका ओट्यावर बसलो, मॅडम मराठीत वाचत होत्या आणि शाळेतला एक शिक्षक पावरीत, तिथल्या आदिवासी बोलीत, सांगत होता. त्या रकान्याशी आलो तशी त्या पोराची आई उठली आणि तिने त्या एकेका फुलीचं सांगितलं. हातपाय दुखायचे, असे दुखायचे की पोरगा रडायचा, थंडीत जास्त, उसात पाणी न पिता राबलं की जास्त. पोराला सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार, होता. कार्ड होतं तिच्याकडे, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं, ते तिने काढून दाखवलं. नंदुरबार भागात हा आजार किती आहे ते तुला मी काय सांगू, आणि अतिश्रम, थंडी, अंगातलं पाणी कमी होणं यांनी त्याचे झटके येतात हे कुठलाही डॉक्टर सांगेल. म्हणजे जो ऊस तोडून उचल फेडायची तोच ऊस त्याला आजारी पाडत होता, आजाराचा खाडा लागत होता, खाड्याने उचल वाढत होती आणि वाढलेल्या उचलीसाठी पुढच्या वर्षी परत जायचं होतं. माझ्या अर्थशास्त्राला फक्त उचल दिसली होती, दवाखान्याला फक्त रक्त दिसलं होतं, आणि मॅडम विचारत होत्या की तो पडून असायचा तेव्हा त्याच्या वाटचा ऊस कोण तोडायचं, तर त्याची बायको, पोटुशी असताना. हे सगळं एका ओट्यावर एकत्र आलं, आम्हा तिघांच्या कुठल्याच मीटिंगमध्ये आलं नव्हतं. तुला आंतरविद्याशाखीय हवंय ना, मग आधी पाड्यावर वाचून दाखव. वेगवेगळे विषय एकमेकांना कुठे भेटतात ते तिथे कळतं, कारण त्या बाईच्या घरात आजार, कर्ज, रान आणि लग्न असे विभाग पाडलेले नसतात.

तू म्हणशील वेळ कुठेय. आहे. पीएचडीला सहा वर्षं मिळतात, मुलींना त्यावर जादा सवलत आहे, आणि नोव्हेंबर 2022 च्या यूजीसीच्या नियमांनी थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही अटही काढून टाकली. घाई कुणाची आहे मग? फेलोशिपचं टेन्शन मला कळतं, हप्ते रखडतात, घरी पैसे पाठवायचे असतात, ते मी हलकं समजत नाही. पण मोबाइलच्या सर्व्हेने फेलोशिप वेळेवर येणार आहे का? तेवढंच रखडेल आणि वर हातात काही नसेल.

को-गाईड सॅम्पल वाढव म्हणतात ते चूक नाही, आकडे लागतात, मी आयुष्यभर आकड्यांवर जगलो. पण सॅम्पल कधी घेतलास ते बघ. तुझ्या यादीवर तारखा डिसेंबर-जानेवारीच्या आहेत. त्या दिवसांत जाणारा माणूस गुजरातेत बारडोलीकडे उसाच्या फडात असतो, पाड्यावर म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं. तू 'घर बंद' लिहिलंस आणि शेजारचं घर घेतलंस, पद्धतीप्रमाणे बरोबरच केलंस, पण त्याने झालं काय, तर स्थलांतराच्या अभ्यासातून स्थलांतर करणारेच गळाले. अशी आणखी शंभर घरं घेतलीस तर तीच गळती शंभर घरांत होईल. होळीला जा. भोंगऱ्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराच्या आठवड्यापासून माणसं यायला लागतात, काही सणापुरतीच येतात आणि परत फडावर जातात, तेवढ्यात भेटायचं. हे मला भूगोलाच्या सरांनी सांगितलं नव्हतं, तिथेच वाचून दाखवताना एका म्हाताऱ्याने विचारलं होतं की तुमच्या यादीत माझा मुलगा का नाही.

आणि तो जनगणनेचा आकडा. नंदुरबार जिल्ह्यात जवळजवळ 69 टक्के आदिवासी, साक्षरता 64 टक्के म्हणजे राज्यात सगळ्यात खाली, हे तू पहिल्याच पानावर टाकलंस. बरोबर आहे, पण ते 2011 चं आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आपण सगळे त्याच आकड्यांवर बसलोय. तेव्हा पहिलीत असलेलं पोर आज कोयता उचलतंय की नर्सिंगला गेलंय हे त्या आकड्यात नाही, ते तुला विचारूनच काढावं लागेल. यान ब्रेमान हा डच समाजशास्त्रज्ञ दक्षिण गुजरातेत 1961-62 मध्ये पहिल्यांदा आला, पुढे बारडोलीच्या फडांवरच्या आपल्या खान्देशी मजुरांवरही त्याने लिहिलं, आणि तो त्याच भागात पुढची कितीतरी दशकं परत परत जात राहिला. हॉलंडहून. तुला शहाद्याहून एसटी आहे.

गाईड म्हणतील हे कुठल्या मेथडॉलॉजीत बसतं. त्यांना 2006 चा वनहक्क कायदा दाखव. जमिनीचा दावा आधी ग्रामसभेपुढे येतो, वनहक्क समिती पडताळणी करते, गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं, मग कागद प्रांताधिकाऱ्याच्या आणि जिल्ह्याच्या समितीकडे जातो. सातबारा नसलेल्या माणसाच्या जमिनीचा निकाल लावताना कायदा गावाला आधी विचारायला लावतो, आणि त्याच गावाच्या गरिबीवर थिसिस लिहिताना गावाला विचारायचं नाही? याच भागात अंबरसिंग सुरतवंतींसारखा भिल्ल कार्यकर्ता 1970 च्या आसपास उभा राहिला, 1972 ला श्रमिक संघटना झाली, जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न शहाद्याच्या रस्त्यावर आला. तो प्रश्न तिथल्या माणसांनीच मांडला होता, बाहेरून शिकलेली पोरं त्यात नंतर सामील झाली. आपल्याकडे समाज बदलला तो असा बदलला, आणि तू त्याच मातीतली आहेस.

फक्त वाचताना डोकं वापर. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून वाचू नकोस, तिथे मुकादम असतो, नाहीतर त्याचा भाऊ असतो, आणि उचलीचा विषय निघाला की बायका गप्प होतात. बायकांना वेगळं वाच, संध्याकाळी, पाड्यावरच. नावं काढून वाच, पान असं लिही की कुणाचं घर ते कळणार नाही. कुणी म्हणालं हे छापू नको, तर नाही छापायचं. भांडण झालं तर तेही लिहून घे. पावरीत सांगायला तुला मध्ये कुणी लागत नाही, माझ्याकडे हे कधीच नव्हतं, अहिराणीवर निभावलं मी आणि अर्धं ऐकायचं राहून गेलं, त्याची खंत आजही आहे.

आमच्या अभ्यासाचं पुढे काय झालं विचारशील. टेबलं परत केली, रकाना बदलला, आजाराचा वेगळा भाग घातला, त्यात बराच वेळ गेला. एका नियतकालिकाने हा धड अर्थशास्त्राचा लेख नाही म्हणून परत पाठवला. माझं प्रमोशन पेपर कमी म्हणून अडकलं, माझ्यानंतर लागलेले पुढे गेले. घरीही ऐकून घेतलं, की तुम्हीच का थांबता, बाकीचे तर छापून मोकळे होतात. मी थांबलो ते बरोबर केलं असं मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. त्या आईने कार्ड दाखवल्यावर 'अनियमित हजेरी' तसंच छापणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि प्रमोशनसाठी ते जमवायला हवं होतं असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याशी माझं बोलणं संपलं. मॅडम रिटायर होऊन मुलाकडे गेल्या, भूगोलाचे सर राहिले नाहीत, अभ्यासाच्या फायली माझ्या कपाटात आहेत. तुला हव्या असतील तर घेऊन जा, नावं झाकलेली प्रत आहे.

तर आता काय करायचंस. मोबाइलचा विषय डोक्यातून काढ. दुसरा चॅप्टर पावरीत तोंडी सांगता येईल असा चार-पाच पानांत काढ, टेबलं नकोत, ज्यावर तुला खात्री नाही तेच आधी घे. गाईडना सांग की होळीत फील्डला जातेय आणि प्रश्नावलीतलं 'कुटुंबप्रमुखाचं वार्षिक उत्पन्न' काढून त्या जागी उचल किती, कुणी घेतली, कशासाठी घेतली आणि खाडे किती असं चार भागांत विचारतेय. को-गाईडना त्याच आकड्यांवर रिग्रेशन लावू दे, त्यांना आवडेल. कमिटीच्या पत्राचा फोटो मला व्हॉट्सॲपवर टाक, उत्तराचा मसुदा मी करून देतो. आणि पाड्यावर जाण्याआधी फोन कर, तिथल्या आशाताईंशी माझी ओळख आहे, बायकांना एकत्र करायला त्या मदत करतील.

तुझा,
सर