पहिली प्राइम (झूम न होणारी लेन्स): ५० मिमी की ३५?

तुझा कॅमेरा निकॉन डी३५००, म्हणजे क्रॉप सेन्सर, फुल-फ्रेमपेक्षा लहान. त्यावर ५०ची लेन्स फुल-फ्रेमवरच्या ७५सारखी दिसते, फ्रेममध्ये कमी मावतं. सोलापुरात मधल्या मारुतीजवळच्या गर्दीत मी पहिली दोन वर्षं तीच वापरली. माणूस फ्रेममध्ये बसवायला मागं सरकावं तर पाठ दुकानाच्या फळीला टेकायची. तू ३५ एफ/१.८ घे. ती साधारण ५२सारखी दिसते, गल्लीत पुरते.

उजेडाचं म्हणशील तर एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतची झूम) ३५ला जेमतेम एफ/४.५ उघडते; एफ/१.८ला सहापट उजेड आत येतो. पूर्व भागात यंत्रमागावर एकाच ट्यूबखाली चादर विणली जात असते, तिथं हा फरक कळतो. कारागिराच्या बोटांवरची कापसाची लव दिसते. मात्र माग हलता असतो, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नकोस, चित्र पुसट येईल.

एक सांभाळ: सेकंडहँड घेताना जुनी एएफ-डी लेन्स गळ्यात पडू देऊ नकोस. तिच्यात फोकस मोटर नसते आणि तुझ्या बॉडीतही नाही, फोकस हातानं फिरवत बसावं लागेल. एएफ-एस लिहिलेलीच बघ, तिच्यात मोटर असते.

पैसे मोजण्याआधी आठवडाभर किट लेन्स ३५वर चिकटपट्टीनं बांध आणि सिद्धेश्वर तलावाकाठी रोज संध्याकाळी फिर. सारखं पुढं जावंसं वाटलं तर मात्र ५०च घे.